२१ हजारांची नोकरी अन् पाच एकर कापूस



गडचांदूरच्या चौकात सध्या एकच विषय चालू आहे. पोरं कॉम्प्युटर शिकून पुण्याला हिंजवडीत जातात, सुरुवातीचा पगार वीस-पंचवीस हजार, मंग जातात काहून? घरचं वावर काय वाईट आहे?

हिशेब करून पाहू. २०२४ मध्ये कॉग्निझंट कंपनीनं इंजिनिअर नसलेल्या पदवीधरांसाठी वर्षाला २ लाख ५२ हजारांची नोकरी काढली, तेव्हा मोबाइलवर लोकांनी खूप टिंगल केली. महिन्याचे २१ हजार, यात काय होते म्हणे. आता आपलं घ्या. पाच एकर कापूस, एकरी ६ क्विंटल धरा, झाले ३० क्विंटल. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. सगळा माल त्या भावानं गेला तरी २ लाख ४३ हजार ३०० होतात. ज्या पगारावर लोक हसले, त्याच्यापेक्षा आपला पूर्ण मालच कमी! अन् यातून बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणी जायचीच आहे. रानडुकराचा वाटा वेगळा. सीसीआयच्या केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की कपात, १२ च्या वर गेला की गाडी परत.

पुण्यात खोलीभाडं अन् मेस देऊन पोराजवळ काही उरत नाही, हे खरं आहे. नवीन पोरांचा पगार दहा-बारा वर्षांपासून तीन-साडेतीन लाखांच्या आसपासच अडून आहे, हेही खरं. पण दोन-तीन वर्षं काम केलं की दुसरी कंपनी त्या अनुभवाचे पैसे देते. मी तीस वर्षांपासून कापूस पिकवून राहिलो, जिनिंगवाला माझ्या अनुभवाचा क्विंटलमागे एक रुपया जास्त देत नाही. भोवती सिमेंटचे एवढे कारखाने आहेत, पण ओळखीचे बरेचसे कंत्राटदाराच्या हाताखाली आहेत. त्यांचंही तसंच.

लग्नाचं तं बोलूच नका. दहा एकरवाल्याला पोरगी भेटत नाही, पुण्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला भेटते.

अन् सगळेच काही पैशापायी जात नाहीत. माझा भाचा प्रोग्राममधली एक चूक शोधत रातभर बसतो, सापडली की जेवतो. आपण बंद पडलेल्या मोटारीपाशी बसतो तसंच.

धोका आहेच. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करायचं जाहीर केलं. म्हणून ज्यांचं पोरगं यंदा क्लास लावणार आहे, त्यांनी वावर गहाण ठेवून फी भरू नका. आधी क्लासवाल्याला मागच्या वर्षीच्या पाच पोरांचे नंबर मागा. भिंतीवरचे फोटो पाहू नका, त्या पोरांना स्वतः फोन लावा.