मेलोडिका घेताना

मुलाने पेटी मागितली की आईबाप गप्प होतात. पेटी महाग, आणि दहा बाय दहाच्या खोलीत ती ठेवायची कुठे? मग मेलोडिकाचा विचार होतो. शेजारी म्हणतात, हे तर खेळणे! तसे नाही. जर्मनीच्या होनर कंपनीने १९५०च्या दशकाच्या अखेरीस ती बाजारात आणली. जपानच्या शाळांत मुले तिच्यावर सूर शिकतात. जमैकाच्या ऑगस्टस पाब्लोने तर याच शाळकरी वाद्यावर नाव कमावले. त्याची १९७६ची रेकॉर्ड आजही जगभर ऐकली जाते.

आत पेटीसारखेच धातूचे सूर असतात. फरक भात्याचा, इथे भाता म्हणजे आपली छाती. म्हणूनच एक गोष्ट पालकांनी आधीच समजून घ्यावी. गायन पार्टीत पेटीवाला पुष्कळदा स्वतःच गातो. मेलोडिका वाजवताना तोंड अडकलेले, गाता येत नाही. मुलाला भीमगीते गायचीच असतील तर पैसे साठवून जुनी पेटी पाहावी. घरात दोन भावंडे असतील तर मात्र उत्तम. एक वाजवील, दुसरे गाईल.

पट्ट्या ३२ असाव्यात. अशी मेलोडिका बहुधा पांढरी चारपासून सुरू होते. काळी पाचला गाणाऱ्याला खाली मंद्र पंचमापर्यंत सूर मिळतो. गाण्याच्या साथीला एवढे पुष्कळ झाले. ३७ पट्ट्यांची घेतली तर वर पाच सूर जास्त, एवढेच.

दुकानात घाई करू नका. यूएसए म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद आपल्याकडे जुनाच आहे; तेव्हा डब्यावरचे नाव राहू द्या, सूर ऐका. एकही पट्टी न दाबता फुंका. हवा गेली तर कुठेतरी गळती आहे. मग काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या एकेक करून, अगदी हळू फुंकून वाजवा. एखादा सूर उशिरा बोलला, घरघरला, तर दुसरी काढायला सांगा. शक्य तर पार्टीच्या पेटीशी लावून पाहा, कारण बेसूर निघालेला सूर घरी दुरुस्त होत नाही.

शिकताना सुरुवातीला लांब नळी लावून वाद्य जमिनीवर आडवे ठेवावे, म्हणजे बोटे दिसतात. प्रत्येक सुराला जिभेने हलकेच ‘तू’ म्हणावे, नाहीतर सूर एकमेकांत चिकटतात. जोर फुंकरीचा असतो, बोटांचा नव्हे. बाप रात्रपाळी करून झोपला असेल तर हळू फुंकून सराव होतो; मुले हे लवकर शिकतात!

वाजवून झाले की पाणी काढायची कळ दाबून फुंकावे, आतली थुंकी निघून जाते. तोंडाची नळी कोमट पाण्याने धुवावी, आणि प्रत्येकाची वेगळी असावी. जयंतीच्या स्टेजवर माईक तोंडाजवळ नको. सूर वाद्यातून येतो, माईक तिकडे वळवावा, नाहीतर नुसता श्वासच ऐकू येतो.