पहिले पिस्तूल : छंदासाठी की धाकासाठी?

पुण्याहून सोलापूरच्या दिशेने निघाले, की उरुळी कांचनच्या पुढे आणि यवतच्या अलीकडे दौंड तालुक्यातील कासुर्डी लागते. टोलनाक्यामुळे हे नाव महामार्गावरच्या प्रवाशांच्या परिचयाचे झाले. एरवी ऊस, गुऱ्हाळे आणि वाढत्या शहराच्या रेट्याने बदलत चाललेला हा टापू बंदुकांसाठी ओळखला जावा, असे काही नव्हते. परंतु गेल्या काही वर्षांत पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात 'पिस्तूल' हा शब्द वारंवार ऐकू येऊ लागला आहे आणि तो दोन अगदी भिन्न कारणांनी ऐकू येतो, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

पहिले कारण अभिमानाचे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक पटकावले. त्याच स्पर्धेत मनू भाकरने पिस्तुलाच्या दोन प्रकारांत कांस्यपदके मिळवली. त्यानंतर आपल्या मुला-मुलीच्या हाती पिस्तूल द्यावे काय, असा विचार करणाऱ्या पालकांत शहरवासीयांइतकेच गावकरीही आहेत. दुसरे कारण चिंतेचे आहे. मुळशी तालुक्यातील जमिनीच्या वादात पिस्तूल हाती घेतलेल्या महिलेची चित्रफीत २०२४ मध्ये सर्वत्र पाहिली गेली. जुलै २०२५ मध्ये दौंड तालुक्यातच, चौफुल्याजवळच्या एका कला केंद्रात गोळीबार झाल्याचा गुन्हा यवत पोलिसांनी नोंदविला. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी मध्य प्रदेशातील उमरटी येथे बेकायदा पिस्तुले बनविणाऱ्या भट्ट्यांवर छापे घातले. म्हणजे एकाच वस्तूचे आकर्षण कुणाला पदकाच्या व्यासपीठाकडे, तर कुणाला कोठडीकडे नेते. कासुर्डीसारख्या गावातील एखाद्या तरुणाने 'पहिले पिस्तूल कोणते घ्यावे?' असा प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर देण्यापूर्वी 'ते कशासाठी घ्यायचे आहे?' असा प्रतिप्रश्न करणे म्हणूनच अपरिहार्य ठरते.

भय, प्रतिष्ठा आणि कायदा

ग्रामीण भागात शस्त्राची मागणी करणाऱ्यांचे पहिले कारण भय हे असते आणि ते सर्वस्वी खोटे नाही. शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत दोन बालकांसह तिघांचा बळी गेला. ग्रामस्थांनी महामार्ग रोखला आणि अखेर नेमबाजांकरवी बिबट्याला ठार करावे लागले. रात्री उसाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याची भीती शहरात बसून हसण्यावारी नेता येणार नाही. मात्र अंधारात, उसाच्या दाट पिकातून झेपावणाऱ्या जनावरापुढे नवशिक्याच्या हातातील पिस्तुलाचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. शिवाय बिबट्या हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातील प्राणी. त्याला मारण्याचा निर्णय वनखात्याने घ्यायचा असतो.

शस्त्र अधिनियम, १९५९ ने हा भेद पूर्वीच केलेला आहे. पीकसंरक्षणासाठी कायद्याला ठासणीची बंदूक अभिप्रेत आहे. स्वसंरक्षण वा खेळासाठी किमान २० इंच नळीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा उल्लेख त्यात आहे. अन्य शस्त्रांसाठी, म्हणजेच पिस्तूल व रिव्हॉल्व्हरसाठी, अर्जदाराला सबळ कारण दाखवावे लागते. कासुर्डीसारख्या गावासाठी हा निर्णय जिल्हाधिकारी घेतात, शहरात पोलिस आयुक्त. पोलिसांचा चौकशी अहवाल, शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था या बाबी शस्त्र नियम, २०१६ मध्ये आहेत. ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळतच नाही, कारण तो निषिद्ध बोअर आहे. सर्वसामान्य परवानाधारकाच्या वाट्याला येते ते प्रामुख्याने .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल.

२०१९ च्या दुरुस्तीने कायदा आणखी कठोर झाला. एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली. वराती-मिरवणुकांत हर्षोल्हासाने केलेल्या गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. तरीही कमरेला पिस्तूल लावणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानण्याची वृत्ती कमी झाली, असे म्हणता येत नाही. महामार्गालगतच्या जमिनींचे भाव वाढले, व्यवहार वाढले, त्याबरोबर वैरही वाढले. ज्याला परवाना मिळत नाही, तो गावठी कट्ट्याच्या मागे लागतो. असा कट्टा केवळ गुन्हा नव्हे, तर तो धारकाच्या स्वतःच्या हातात फुटण्याचाही धोका असतो.

नवशिक्याचे खरे पिस्तूल

आता खेळासाठी पिस्तूल घेऊ इच्छिणाऱ्याकडे वळू. आपल्या समाजात याविषयी मोठे अज्ञान आहे. नेमबाजी म्हणजे परवाना, काडतुसे आणि धडाडणारे आवाज अशी समजूत असल्याने पालक एक तर घाबरतात किंवा थेट शस्त्राच्या दुकानाची वाट धरतात. वस्तुतः नवशिक्या नेमबाजाचे पहिले पिस्तूल हे १० मीटर प्रकारातील एअर पिस्तूल असते. त्यात दारू नसते. दाबलेल्या हवेने ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सोडला जातो. या व्यासाच्या आणि २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. विक्रेत्याकडे ओळखीचा पुरावा मात्र द्यावा लागतो. स्पर्धेच्या पिस्तुलाची ऊर्जा या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी असते. अर्थात हे खेळणे नव्हे. जवळून सुटलेला छर्रा डोळा निकामी करू शकतो, हे विसरता कामा नये.

स्पर्धेचे नियम समजून घेतले, की निवड सोपी होते. पिस्तुलाचे वजन १५०० ग्रॅमपेक्षा अधिक असू नये आणि चाप किमान ५०० ग्रॅम भार पेलणारा असावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. पिस्तूल एकाच हाताने, मनगटाला कोणताही आधार न देता धरायचे असते. १० मीटरवरील लक्ष्याच्या मध्यभागीचे दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि सव्वा तासात ६० नेम साधायचे असतात. म्हणजे येथे कस लागतो तो श्वासाचा, नजरेचा आणि संयमाचा. ताकद वा भपका यांना येथे काडीचे महत्त्व नाही. पॅरिसमध्ये ५१ वर्षांचा तुर्की नेमबाज युसुफ डिकेच नेहमीच्या चष्म्यात, एक हात खिशात घालून उभा राहिला आणि मिश्र दुहेरीत रौप्यपदक घेऊन गेला, ते उगाच नव्हे.

त्यामुळे पिस्तुलाच्या नावापेक्षा त्याची मूठ अधिक महत्त्वाची. ती तळहातात अशी बसली पाहिजे, की हात वर उचलताच समोरचे व मागचे दर्शक आपोआप एका रेषेत यावेत. लहान, मध्यम, मोठा असे मुठीचे आकार असतात. डावखुऱ्यांसाठी वेगळी मूठ असते. लाकडी मूठ कानशीने घासून किंवा लांबी भरून हाताजोगी करून घेता येते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती साधारण किलोभर वजनाचे पूर्ण लांबीचे पिस्तूल देण्याऐवजी आखूड व हलके पिस्तूल द्यावे. अन्यथा खांदा दुखावतो आणि वाईट सवयी जडतात. कोणता डोळा प्रबळ आहे, हे आधी तपासावे. जुने पिस्तूल घेत असल्यास हवेच्या सिलिंडरवरील तारीख अवश्य पाहावी; त्याची मुदत सर्वसाधारणपणे दहा वर्षांची असते आणि ती उलटलेली नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. देखभाल आणि सुटे भाग जवळपास मिळतील काय, हेही विचारावे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ मध्ये ऐन पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, मोलाची मिनिटे वाया गेली आणि अंतिम फेरी हुकली. जगातील उत्तम पिस्तुलाचीही ही गत होते, तर नवशिक्याने दुरुस्तीचा विचार आधी का करू नये?

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पहिले काही महिने पिस्तूल विकत घेऊच नये. रेंजवरील पिस्तुलाने शिकावे. छर्रा न भरता भिंतीसमोर उभे राहून चाप ओढण्याचा कोरडा सराव करावा. आवड टिकते काय, हे पाहावे आणि मग प्रशिक्षकाच्या सल्ल्याने खरेदी करावी. विदेशी बनावटीच्या स्पर्धा-पिस्तुलाची किंमत लाखाच्या घरात जाते. कर्ज काढून घेतलेले पिस्तूल सहा महिन्यांत कपाटात पडून राहिले, अशी वेळ मध्यमवर्गीय कुटुंबावर येणे बरे नव्हे. २५ मीटर प्रकाराचे .२२ बोअरचे पिस्तूल हा त्यानंतरचा टप्पा. त्याला परवाना लागतो आणि तेथवर स्पर्धांतील कामगिरीच्या पायऱ्या चढून जावे लागते. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक जिंकणारी कोल्हापूरची राही सरनोबत ही त्या वाटेची उत्तम साक्ष आहे.

रेंज कोठे आहे?

येथेच कासुर्डीच्या तरुणाची अडचण सुरू होते. पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत आंतरराष्ट्रीय दर्जाची रेंज आहे. २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेतील नेमबाजी तेथेच झाली. परंतु ती शहराच्या दुसऱ्या टोकाला. शाळा सांभाळून आठवड्यातून चार दिवस तेथे जाणे दौंड तालुक्यातील मुलाला शक्य नाही. परवाना असलेल्याला पिस्तूल दुकानात मिळेल, परवाना नसलेल्याला कट्टा आडमार्गाने मिळेल. पण सचोटीने नेम शिकू इच्छिणाऱ्याला घराजवळ १० मीटरची जागा मिळणार नाही, ही विसंगती नव्हे तर काय?

वास्तविक १० मीटरच्या रेंजला फार मोठा खर्च नाही. पन्नास-साठ फूट लांबीचे बंदिस्त दालन, छर्रे अडविणारी भिंत, पुरेसा प्रकाश, चार-सहा लक्ष्ये आणि एक जाणता प्रशिक्षक एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. तालुका क्रीडा संकुलांची योजना राज्यात आहे. दौंडमध्ये राज्य राखीव पोलिस दलाचे गट आहेत. शस्त्र हाताळण्याची शिस्त जाणणारी माणसे या तालुक्यात अनेक आहेत. इच्छाशक्ती असेल, तर या दोन गोष्टींची सांगड घालणे अवघड नाही. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिक येथे विश्वविजेतेपद मिळविले, तेव्हापासून कोल्हापूर जिल्ह्याने नेमबाजीत जी परंपरा निर्माण केली, ती आकाशातून पडलेली नाही. तेथे रेंज होती, मार्गदर्शक होते आणि एकीला पाहून दुसरी तयार झाली.

मुलांच्या हाती पिस्तूल दिल्याने बंदुकीची हौस वाढणार नाही काय, अशी शंका घेतली जाईल. ती रास्त आहे. परंतु रेंजवरील पहिला धडाच मुळी संयमाचा असतो. नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडे, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, आज्ञा होताच पिस्तूल खाली, नेमबाजी थांबली की नळीत सुरक्षा दोरा आणि प्रवासात शस्त्र बंद पेटीत. ही शिस्त अंगी बाणलेला खेळाडू वरातीत हवेत गोळ्या झाडत नाही. पिस्तुलाचे गूढ आणि दरारा ज्याच्या मनातून निघून गेले, त्याला ते कमरेला लावून मिरवावेसे वाटत नाही.

परवान्यांची काटेकोर छाननी आणि गावठी कट्ट्यांवरील कारवाई झालीच पाहिजे, यात दुमत नाही. मात्र केवळ बंदीने आकर्षण संपत नाही, त्याला योग्य वाट द्यावी लागते. कासुर्डीच्या तरुणाचे पहिले पिस्तूल कोणते असेल, हे दुकानदाराने किंवा दलालाने ठरवायचे, की तालुक्याच्या रेंजवरील प्रशिक्षकाने, याचा निर्णय शासनाला आणि समाजाला घ्यावा लागेल. तो लवकर घेतला जाईल, अशी अपेक्षा करणे गैर ठरू नये.