घरात चक्की बसविण्यापूर्वी



धानाची मळणी उरकून चार पैसे हाती आले की घरात एखादा जोडधंदा सुरू करावा, असा विषय बहुतेक घरांत निघतो. कुडव्याहून एका भगिनीने विचारले आहे, "पडवीत मिरची-हळद दळण्याची लहान चक्की आणि जमल्यास धान भरडण्याचे यंत्र बसवायचे आहे. घर आमचे, जागा आमची. मग परवानगी कोणाची आणि कशाला?"

प्रश्न रास्त आहे. गोंदिया शहराला लागून असलेल्या गावांत तो आता घरोघर निघतो. एका बाजूला जुनी आबादी आणि दुसऱ्या बाजूला बांध्या मोडून पाडलेले प्लॉट, अशी या गावांची स्थिती झाली आहे. आबादीत उखळाचा आवाज कोणाला खटकत नसे. प्लॉटवर राहायला आलेला नोकरदार शेजारी मात्र रात्री मोटार सुरू झाली की तक्रार लिहितो. आणि तक्रार झाली की यंत्राच्या आधी जागेची चौकशी होते.

म्हणून पहिल्यांदा आपले घर कोणत्या जमिनीवर उभे आहे ते पाहावे. घर आबादीत असेल तर त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते. (हा उतारा कर आकारणीचा आहे. तो मालकीचा पुरावा समजून पुष्कळ लोक फसतात.) २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ज्या गावांची ड्रोनने मोजणी झाली, तेथे मालमत्ता पत्रकही मिळते. ते मिळाले असेल तर जपून ठेवा.

घर सातबाऱ्याच्या जमिनीवर असेल तर गोष्ट निराळी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतात शेतघर बांधता येते. अवजारे, खत, चारा, निघालेले पीक ठेवण्यासाठी, जनावरांसाठी आणि घरच्या माणसांच्या राहण्यासाठी ते चालते. पण त्याच शेतघरात गावाचे दळण दळू लागलात की तो वापर शेतीचा राहत नाही, अकृषक होतो. "शेतात घर चालते, मग चक्की का नाही?" असे म्हणून भागत नाही. अकृषक वापराची वाट शासनाने गेल्या काही वर्षांत बरीच सोपी केली आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनींसाठी ४२ ड हे कलम त्यासाठीच आणले. हे नियम वरचेवर बदलतात, तेव्हा सातबारा घेऊन तलाठ्याकडे जा आणि आज काय लागते ते विचारा. शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी काय केले ते विचारून उपयोग नाही.

आता घरातल्या धंद्याविषयी. २ डिसेंबर २०२० रोजी राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली. मुंबईसारखी काही ठिकाणे सोडता, नगरपालिका आणि प्रादेशिक योजनेतील गावे तिच्याखाली येतात. राहत्या वस्तीत घरच्या माणसांनी परंपरेने करावयाचे शिवण, भरतकाम असे उद्योग तीत चालतात. अटी दोन. पगारी मजूर लावायचा नाही, आणि मोटार वापरली तर एकूण भार ०.७५ किलोवॅटच्या वर जाऊ द्यायचा नाही. ०.७५ किलोवॅट म्हणजे साधारण एक अश्वशक्ती. घरगुती आटाचक्कीची मोटार तेवढीच असते. गावचे दळण दळणारी मोठी चक्की किंवा तीन अश्वशक्तीचे भरडाई यंत्र या घरगुती उद्योगात बसत नाही. त्याला जागेच्या वेगळ्या अटी लागतात.

मजुराची अट मला शहरातील चाळी डोळ्यांसमोर ठेवून घातलेली वाटते. आपल्याकडे पापड-कुरडया लाटायला शेजारच्या चार बाया येतात, संध्याकाळी रोजी घेऊन जातात. नियमाच्या भाषेत त्या मजूर झाल्या. घरचे हात आणि बाहेरचे हात यांतला हा भेद जुना आहे. १९६६ च्या बिडी कामगार कायद्यानेही, मालकाचे काम न घेता आपल्या घरात आपल्याच माणसांसह बिडी वळणाऱ्याला वेगळे ठेवले होते. माझ्या मते बचत गटाच्या बायांनी मिळून काम करण्याला राहत्या वस्तीत स्पष्ट जागा मिळायला हवी. तोपर्यंत बाहेरचे हात लावणार असाल तर ग्रामपंचायतीला लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्यावे. सरपंच तोंडी "करा ना, कोण विचारतो" म्हणाले, तर तो कागद होत नाही.

खरा फटका मात्र विजेकडून बसतो. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२० च्या दर आदेशात घराच्या एका भागात धंदा करणाऱ्याला घरगुती दर ठेवला होता, पण महिन्याला ३०० आणि मागील वर्षात ३६०० युनिटपर्यंत वापर असेल तरच. हिशेब करून पाहा. एक अश्वशक्तीची चक्की रोज चार तास, महिन्यातून २६ दिवस चालली तर सुमारे ७८ युनिट होतात. तीन अश्वशक्तीचे यंत्र तेवढेच चालवले तर २३४. त्यात घरचे दिवे, पंखे, फ्रीज यांचे ७०-८० मिळवा, म्हणजे ३०० ची मर्यादा ओलांडली. मर्यादेचा चालू आकडा महावितरणच्या कार्यालयात विचारून मगच यंत्र निवडा.

पंपाच्या जोडणीवर तर चक्की मुळीच लावू नका. त्याच आदेशात ऊस-चरक आणि कडबा कुट्टीला स्वतःपुरती सवलत देताना, वेगळी मोटार लावून किंवा पट्टा बदलून पिठाची गिरणी अथवा तेलघाणी चालविता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. पट्टा बदलण्याची युक्ती आपल्या लोकांइतकीच आयोगालाही माहीत आहे! तपासणीत सापडलात तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली आकारणी दुप्पट दराने होते, आणि गैरवापर केव्हापासून ते ठरले नाही तर मागील बारा महिन्यांची धरतात. बँकेचा हप्ता चालू असताना असे बिल आले की यंत्र विकावे लागते.

तेव्हा कुडव्याच्या भगिनीला माझा सल्ला असा. घर आबादीत असेल तर एक अश्वशक्तीच्या चक्कीने सुरुवात करावी, घरच्या माणसांनीच चालवावी. भरडाई यंत्राचे पैसे या वर्षी गुंतवू नयेत. गिऱ्हाईक जमले की त्यासाठी वेगळी जागा आणि वेगळी वीजजोडणी घ्यावी. मसाला विकायचा असल्यास अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी आधी करून घ्यावी. रात्री दहा ते सकाळी सहा मोटार बंदच ठेवावी, कारण ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत ती रात्रीची वेळ आहे. आणि वजनकाट्यावर वैधमापन विभागाची मुद्रा आहे का, ते काटा विकत घेतानाच पाहावे.