काटकसर लिव्हरमध्ये नसते!

ट्रॅक्टरच्या मागे एक आखूड, खाचांचा दांडा फिरताना तुम्ही पाहिला असेल. हाच पी. टी. ओ. इंजिनाची शक्ती त्यातून फवारणी यंत्राला, रोटाव्हेटरला, मळणी यंत्राला मिळते. यांपैकी पुष्कळ यंत्रे मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी बनवलेली असतात. म्हणजे सेकंदाला ९ फेरे!

काही ट्रॅक्टरांवर 'इकॉनॉमी' अशी दुसरी सोयही असते. माझ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, तिथे डिझेल वाचते, मग लिव्हर कायम तिथेच का ठेवू नये?" प्रश्न मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे.

समजा, ५४० फेऱ्यांसाठी नेहमीच्या गिअरमध्ये इंजिनाला मिनिटाला २००० फेरे घ्यावे लागतात आणि इकॉनॉमीत १५०० पुरतात. काम हलके असताना इंजिन वेगाने पळवले, तर बरेचसे डिझेल त्याच्या स्वतःच्या घर्षणावरच खर्ची पडते. म्हणून फवारणीच्या लहान पंपासाठी इकॉनॉमी योग्यच. तिथे नेहमीचा गिअर वापरणे ही उधळपट्टी होय.

पण शक्ती म्हणजे टॉर्क, अर्थात फिरवण्याचा जोर, गुणिले फिरण्याचा वेग. वेग पाऊणपट झाला, तर तेवढ्याच शक्तीसाठी इंजिनाला एकतृतीयांश अधिक जोर लावावा लागतो. गिअरच्या सायकलवर सपाट रस्त्याला जो गिअर सुखाचा वाटतो, त्याच गिअरमध्ये घाट चढून पाहा! पाय अडतात. जड मातीत रोटाव्हेटर चालवताना इंजिनाचे तसेच होते. ते दबते, काळा धूर सोडते, फेरे घटतात. अशा वेळी नेहमीचाच गिअर हवा.

मग कोणी इकॉनॉमीतच रेस वाढवतो. ही चूक धोक्याची आहे. इंजिन २००० वर गेले, की पी. टी. ओ. ७२० फेऱ्यांवर जातो. फिरणाऱ्या भागांवरील ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. इथे तो सुमारे पावणेदोन पट होतो. यंत्र तेवढ्यासाठी बनवलेले नसते.

माझ्या मते 'इकॉनॉमी' हे नावच फसवे आहे. त्या जागी 'हलक्या कामासाठी' असे लिहिले, तर निम्म्या चुका टळतील. काटकसर लिव्हरमध्ये नसते; काम किती जड आहे हे ओळखण्यात असते.

शिक्षकांना एक विनंती. शक्तीचे सूत्र शिकवताना एकदा हे उदाहरण द्या. आणि मित्रहो, घरी ट्रॅक्टर असेल तर त्याच्या माहितीपुस्तिकेत हे दोन आकडे शोधा व मोठ्यांना हिशेब समजावून सांगा. मात्र फिरत्या दांड्याजवळ जाऊ नका. सेकंदाला ९ फेरे घेणारा दांडा पदर किंवा सदऱ्याची बाही ओढू लागला, तर हात मागे घ्यायलाही सवड मिळत नाही.