उन्हाळी चित्रपट आणि त्यांचे परीक्षक

एखादा चित्रपट चांगला कीं वाईट हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, असा वाद जून महिन्यांत शाळा उघडतांच आमच्या वरच्या वर्गांत दर वर्षीं रंगतो. मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत अमेरिकेंतील मोठ्या चित्रसंस्था आपले सर्वांत खर्चाचे चित्रपट बाहेर काढतात. त्यांतील पुष्कळसे आतां आपल्याकडेहि त्याच सुमारास लागतात, आणि चित्रपटाच्या आधीं त्याचीं परीक्षणें येऊन पोहोंचतात. मग एक म्हणतो, परीक्षकांनीं त्याला शेंकडा तीसच दिले आहेत, तो पाहण्यांत अर्थ नाहीं. दुसरा म्हणतो, परीक्षक विकले गेलेले आहेत. तावातावानें बोलणाऱ्या या दोघांपैकीं एकानेंहि तो चित्रपट पाहिलेला नसतो!

पुष्कळ पालकांस हा सारा प्रकार पोरकट वाटतो. चित्रपटांवरून भांडण्यापेक्षां चार उदाहरणें सोडवावींत, असें ते म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या वयांत मुलगा आपल्या आवडीचीं कारणें शोधूं लागतो, त्या वयांत त्यानें वाद घालावा हें स्वाभाविक आहे. मात्र हल्लींच्या या वादांत कारणें फारशीं ऐकूं येत नाहींत, आंकडे तेवढे ऐकूं येतात. आणि आमची तक्रार आहे ती एवढ्याचविषयीं.

या चित्रपटांस जें ‘ब्लॉकबस्टर’ असें नांव आहे, तें मूळचें युद्धांतलें. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश विमानदळ जर्मनीच्या शहरांवर जे प्रचंड बॉम्ब टाकी, त्यांतील एकेक बॉम्ब घरांची अख्खी वस्ती उद्ध्वस्त करूं शकेल अशा समजुतीनें त्यांस तें नांव पडलें; आणि जाहिरातवाल्यांनीं तें लगेच उचललें. उन्हाळ्याशीं त्याची गांठ पडली ती १९७५ सालीं. स्टीव्हन स्पीलबर्ग या अठ्ठावीस वर्षांच्या दिग्दर्शकाचा ‘जॉज’ हा नरभक्षक शार्क माशावरील चित्रपट त्या वर्षीं २० जून रोजीं अमेरिकेंत एकाच दिवशीं चारशेंहून अधिक चित्रपटगृहांत लागला, आणि त्यापूर्वीं दूरचित्रवाणीवर त्याच्या जाहिरातींचा भडिमार करण्यांत आला. तोंवर मोठ्या चित्रपटांची चाल बहुधा निराळी असे. तो आधीं न्यू यॉर्क, लॉस एंजेलीस अशा शहरांतील थोड्याच चित्रपटगृहांत लागे, वर्तमानपत्रांत त्याचीं परीक्षणें येत, पाहून आलेले लोक शेजाऱ्यांस सांगत, आणि मग तो हळूहळू लहान गांवांकडे सरके. या संथ प्रवासांत परीक्षकाच्या शब्दास आणि शेजाऱ्याच्या शब्दास सारखाच अवसर मिळे. शेंकडों ठिकाणीं एकदम लागणाऱ्या चित्रपटाचें भवितव्य मात्र पहिल्या तीन दिवसांतच ठरूं लागलें. शुक्रवारीं तो लागतो आणि सोमवारीं त्याच्या उत्पन्नाचे आंकडे प्रसिद्ध होतात. एवढ्या अवधींत शेजारी काय सांगणार? तेव्हां आधींच कोणाचें तरी मत हातीं असावें अशी निकड प्रेक्षकांस वाटूं लागली, आणि तें मत खोडून काढावें अशी निकड चाहत्यांस.

ही निकड भागविणारी सर्वांत प्रसिद्ध सोय म्हणजे ‘रॉटन टोमॅटोज’ हें संकेतस्थळ. खेळ पसंत न पडल्यास नटांवर कुजके टोमॅटो फेकण्याच्या पाश्चात्य प्रघातावरून तें नांव घेतलें आहे. मौज अशी कीं, १९९८ सालीं तें काढलें तें कोणा खाष्ट टीकाकारानें नव्हे, तर सेन्ह डुओंग नांवाच्या एका तरुण चाहत्यानें. त्याला जॅकी चॅनच्या चित्रपटांचें वेड होतें, आणि आपल्या आवडत्या नटाविषयीं सगळे परीक्षक काय म्हणतात तें एके ठिकाणीं वाचावयास मिळावें अशी त्याची इच्छा होती. वाचावयास मिळावें, हे शब्द आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावे. कारण पुढें वाचणें मागें पडलें आणि आंकडा तेवढा शिल्लक राहिला.

हा आंकडा काय आहे तें नीट पाहूं या. तो गुणांचा आंकडा नव्हे. प्रत्येक परीक्षण एकंदरींत अनुकूल आहे कीं प्रतिकूल, एवढेंच तेथें पाहतात, आणि शंभरांतून किती अनुकूल तें सांगतात. साठ किंवा अधिक असल्यास चित्रपट ताजा, कमी असल्यास कुजका. आतां समजा, एका चित्रपटाविषयीं शंभरहि परीक्षकांनीं “बरा आहे, वेळ जातो” एवढेंच लिहिलें. त्याचा आंकडा १००. दुसरा एक चित्रपट एकोणसाठ जणांना अप्रतिम वाटला, असा चित्रपट आपण आयुष्यांत पाहिला नाहीं असें त्यांनीं लिहिलें, आणि एकेचाळीस जणांना तो मुळींच रुचला नाहीं. त्याचा आंकडा ५९, म्हणजे तो कुजका! शाळेच्या भाषेंत सांगावयाचें तर हा उत्तरपत्रिकेवरील गुणांचा आंकडा नसून उत्तीर्ण झालेल्या मुलांचा शेंकडा आहे. एखाद्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला म्हणून तेथील प्रत्येक मुलाला शंभरपैकीं शंभर गुण मिळाले असें कोणी समजत नाहीं. चित्रपटाच्या बाबतींत मात्र चांगलीं शहाणीं माणसेंहि खुशाल तसें समजतात.

आणि या आंकड्यापायीं माणसें कोठवर जातात! क्रिस्टोफर नोलन यांचा ‘द डार्क नाइट राइझेस’ हा बॅटमॅनचा चित्रपट २० जुलै २०१२ रोजीं लागावयाचा होता. त्या आठवड्यांत परीक्षणें येऊं लागलीं. बहुतेकांनीं स्तुति केली, परंतु थोड्यांनीं प्रतिकूल लिहिलें. झालें, निर्भेळ यशाला डाग लागला. त्या परीक्षकांवर शिव्याशापांचा वर्षाव झाला, जिवे मारण्याच्या धमक्याहि आल्या, आणि रॉटन टोमॅटोजला त्या चित्रपटावरील वाचकांचे अभिप्राय बंद ठेवावे लागले. या धमक्या देणाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं तो चित्रपट पाहिलेला असणें शक्यच नव्हतें, कारण तो अजून लागला नव्हता. आधींचा भाग २००८ सालीं आला होता. चार वर्षें मनांत जपलेल्या अपेक्षेला कोणीं बोट लावलें, याचा तो संताप होता. नाटक-चित्रपटांवरून पक्ष पडणें आपल्यालाहि नवें नाहीं. आमच्या पणजोबांच्या पिढींत बालगंधर्व व केशवराव भोसले यांच्या चाहत्यांचे दोन तट होते, आणि तरीहि १९२१ सालीं टिळक स्वराज्य फंडासाठीं ते दोघे ‘मानापमाना’च्या संयुक्त प्रयोगांत एकाच रंगमंचावर उभे राहिले. नटांना जें साधलें तें चाहत्यांना साधूं नये, असा कांहीं नियम आहे काय, कोण जाणे.

२०१६ चा उन्हाळा याहून विनोदी ठरला. ऑगस्टमध्यें आलेल्या ‘सुइसाइड स्क्वॉड’ या चित्रपटावर परीक्षक तुटून पडले, तेव्हां रॉटन टोमॅटोज बंदच करून टाकावें असा अर्ज एका चाहत्यानें काढला आणि हजारोंनीं त्यावर सह्या केल्या. परीक्षक डीसी कॉमिक्सच्या चित्रपटांचा द्वेष करतात, असा त्यांचा आरोप. वस्तुतः त्या वेळीं त्या संकेतस्थळाच्या मालकींत खुद्द या चित्रपटाची निर्माती संस्था वॉर्नर ब्रदर्स हिचाच भाग होता. कोणता दुकानदार आपलाच माल कुजका ठरविण्याचा कट करील? पण रागाच्या भरांत हा हिशेब कोणाला सुचला नाहीं. चित्रपटानें जगभर सत्तर कोटि डॉलरांहून अधिक उत्पन्न केलें आणि पुढील वर्षीं रंगभूषा व केशभूषेचें ऑस्करहि मिळविलें. म्हणजे परीक्षकांच्या नापसंतीनें त्याचें फारसें कांहीं अडलें नाहीं. उलट २०१७ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील तिकीटविक्री घटली, तेव्हां हॉलीवूडमधील कांहीं मंडळींनीं त्याचें खापर या आंकड्यावरच फोडलें. हा आंकडा सर्वशक्तिमान् कीं निरुपयोगी, हें त्या मंडळींनीं एकदा आपसांत ठरवावें.

परीक्षकांचें सोडा, सामान्य प्रेक्षकांचा कौल घ्या, असें कोणी म्हणेल. तोहि मार्ग निर्धोक नाहीं. त्याच २०१६ च्या जुलैमध्यें ‘गोस्टबस्टर्स’ हा जुना चित्रपट नव्या रूपांत आला. त्यांत चारहि प्रमुख भूमिका स्त्रियांस दिल्या होत्या. तेवढ्यावरून रुष्ट झालेल्या कित्येकांनीं तो लागण्यापूर्वींच त्याला अगदीं तळचे गुण देण्याचा सपाटा चालविला. अशा प्रकारांस कंटाळून २०१९ मध्यें रॉटन टोमॅटोजनें चित्रपट लागण्यापूर्वीं प्रेक्षकांचे अभिप्राय घेणें बंद केलें, आणि तिकीट घेतल्याचा पुरावा असलेल्यांचें मत वेगळें मोजण्यास आरंभ केला. चित्रपटाविषयीं बोलण्यापूर्वीं तो पाहिलेला असावा, ही साधी गोष्ट नियम करून सांगावी लागली!

याचा अर्थ परीक्षक चुकत नाहींत असा नव्हे. २५ जून १९८२ या एकाच दिवशीं अमेरिकेंत ‘ब्लेड रनर’ आणि ‘द थिंग’ हे दोन चित्रपट लागले. पहिल्याविषयीं परीक्षकांचें एकमत झालें नाहीं. दुसऱ्याची तर बहुतेकांनीं तुच्छतेनें वासलात लाविली. दोन्हीं चित्रपट त्या उन्हाळ्यांत मागें पडले. आज दोहोंची गणना त्या प्रकारच्या उत्तम चित्रपटांत होते, आणि ‘ब्लेड रनर’ची तर १९९३ सालीं अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें जतन करण्यायोग्य चित्रपटांच्या राष्ट्रीय नोंदींत निवड केली. मग परीक्षणें वाचावींत कशाला, असा प्रश्न विद्यार्थी आम्हांस करतील.

त्याचें उत्तर आम्ही एका उदाहरणानें देतों. शिकागोच्या ‘सन-टाइम्स’ पत्राचे रॉजर ईबर्ट हे मोठे मान्यवर परीक्षक होते. चित्रपट-परीक्षणासाठीं पुलित्झर पारितोषिक मिळविणारे ते पहिलेच, तें १९७५ सालीं. १९८८ च्या उन्हाळ्यांतील ‘डाय हार्ड’ या चित्रपटाला त्यांनीं चारांपैकीं दोनच तारे दिले. हा चित्रपट पुढें इतका लोकप्रिय झाला कीं २०१७ सालीं तोहि त्या राष्ट्रीय नोंदींत गेला. तेव्हां ईबर्ट चुकले, असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु त्यांचें परीक्षण उघडून पाहिलें म्हणजे निराळेंच दिसतें. नायकाचें काम व चित्रपटांतील करामती त्यांना आवडल्या होत्या; आक्षेप होता तो मुख्यतः एका पोलिस अधिकाऱ्याच्या पात्रावर. हा अधिकारी प्रत्येक वेळीं चुकीचेंच बोलतो, केवळ नायकाच्या वाटेंत अडथळा आणण्यासाठीं त्याला घुसडला आहे, असें त्यांचें म्हणणें. आतां या म्हणण्यावर आपण दोघे बोलूं शकतों. चित्रपट लावावा, तो अधिकारी पडद्यावर आला कीं लक्ष द्यावें, आणि ईबर्ट यांचें पटतें कीं नाहीं तें आपलें आपण पाहावें. आम्हांस तें बरेंचसें पटलें, आणि तरीहि चित्रपट आवडला. दोन ताऱ्यांशीं असा वाद कोण घालणार? ताऱ्याला कारण नसतें.

ईबर्ट यांचे प्रतिस्पर्धी ‘शिकागो ट्रिब्यून’चे जीन सिस्केल. हे दोघे दूरचित्रवाणीवर शेजारी बसून वर्षानुवर्षें एकमेकांचीं मतें खोडीत, कधीं कधीं चांगले चिडतहि. आणि १९९९ सालीं सिस्केल वारले तेव्हां ईबर्ट यांनीं त्यांच्याविषयीं सख्ख्या भावासारखें लिहिलें. मात्र या दोघांनाहि आम्ही सर्वस्वी दोषमुक्त करीत नाहीं. चर्चेच्या शेवटीं अंगठा वर किंवा अंगठा खाली करण्याची प्रथा त्यांचीच. जाहिरातवाल्यांनीं त्यांची चर्चा टाकून दिली आणि अंगठे तेवढे छापले.

पालकांसहि दोन शब्द सांगावेसे वाटतात. १९९४ सालीं ‘जुरासिक पार्क’ हिंदी भाषेंत आपल्याकडे आला, तेव्हां आजच्या पालकांपैकीं पुष्कळजण शाळकरी वयाचे होते, आणि पडद्यावरचे ते अजस्र प्राणी पाहून त्यांचेहि डोळे विस्फारले असतील. मुलगा चित्रपट पाहून आला म्हणजे “किती मार्क मिळाले आहेत त्याला?” असें विचारूं नये. “कोणता प्रसंग आवडला? कोठें कंटाळा आला? त्या खलनायकाला एवढा राग कशाचा होता?” असें विचारून पाहावें. पहिल्या वेळीं मुलगा “मस्त होता” एवढेंच म्हणेल. दुसऱ्या वेळीं कदाचित् जेवण निवून जाईपर्यंत बोलत राहील.

आमची एक सूचना आहे. पुढील वर्षाच्या हस्तलिखितांत चित्रपट-परीक्षणांसाठीं चार पानें राखून ठेवावीं. लिहिणाऱ्यानें चित्रपट स्वतः पाहिलेला असावा, आणि परीक्षणांत तारे, टक्के किंवा अंगठे नसावे, एवढे दोनच नियम पुरे. एकाच चित्रपटावर दोन विरुद्ध परीक्षणें आलीं, तर तीं समोरासमोरच्या पानांवर लावावीं.