युद्धनौकेला माणसाचं नाव नकोच!

नवी युद्धनौका आली की आपल्याकडे मागणी ठरलेली: महाराजांचं नाव द्या, आंग्र्यांचं द्या! माझा विरोध आहे. अहो, लोणावळ्याला आयएनएस शिवाजी, मुंबईत आयएनएस आंग्रे हे किनाऱ्यावरचे तळ आहेतच. जहाज मात्र कधीतरी मोडीत निघतं. "आंग्रे भंगारात" ही बातमी वाचवेल?

अमेरिकेत नौदलाच्या तेलवाहू जहाजाला हार्वे मिल्क यांचं नाव दिलं. सरकार बदललं, २०२५ मध्ये पुसलं. इथेही तेच होईल. माणसाला लोक पक्ष चिकटवतात, जात चिकटवतात. किल्ल्याला काय चिकटवणार? जुनी 'खांदेरी' पाणबुडी १९८९ मध्ये निवृत्त झाली, २०१९ मध्ये त्याच नावाची नवी आली. कुणी भांडलं नाही. पाठोपाठ 'अर्णाळा' आली. महाराष्ट्राचा मान असाच राखतात. पटत नसेल तर मुद्द्यावर बोला.