हात दाखवून अवलक्षण!

आमच्या केमिस्ट्री लॅबच्या दारावर पाटी आहे, ‘ग्लोव्ज नसल्यास प्रवेश नाही’. आणि वर्कशॉपमध्ये लेथच्या मागे भिंतीवर लिहिलंय, ‘मशीनवर हातमोजे घालू नयेत’. फर्स्ट इयरला मला याची जाम गंमत वाटायची. एकाच कॉलेजात एका ठिकाणी ग्लोव्ज नाहीत म्हणून बाहेर काढतात आणि दुसऱ्या ठिकाणी घातले म्हणून ओरडतात! शेवटी एकदा वर्कशॉपच्या सरांना विचारलंच. ते म्हणाले, “अगं, फिरत्या चकमध्ये मोज्याचं टोक अडकलं ना, तर तो मोजा नाही, अख्खा हात ओढून नेतो.”

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला की ग्लोव्ज म्हणजे युनिफॉर्म नाही. घातला की झालं, असं नसतं. ते एक टूल आहे. स्क्रू बघून आपण स्क्रू-ड्रायव्हर निवडतो, तसंच काम बघून ग्लोव्ज निवडायला पाहिजे. पण मित्रांनो, आपण काय करतो? टेबलावर जो बॉक्स असेल त्यात हात घालतो!

आता माझीच गोष्ट सांगते. मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही पीसीबी बनवत होतो. एचिंग फेरिक क्लोराइडमध्ये केलं, तेव्हा ते निळे नायट्राइलचे ग्लोव्ज घातले होते. मस्त काम झालं, बोटांवर एकही पिवळा डाग नाही. मग बोर्डवरचा काळा टोनर काढायला कापसावर ॲसिटोन घेतलं आणि त्याच ग्लोव्जनी घासत बसले. थोड्या वेळाने बोटांवरचं रबर फुगून ढिलं पडलं. ग्लोव्ज काढले तर बोटं पांढरी फटक, कोरडी, आणि ॲसिटोनचा वास चक्क आतून! कुठे फाटलं होतं का? नाही. पाणी भरून पाहिलं, एक थेंब गळला नाही.

मग शोधाशोध केली. केमिकलला आत यायला भोक लागतच नाही. ते रबरात विरघळतं आणि रेणू-रेणूने पलीकडे निघतं. याला म्हणतात ‘पर्मिएशन’. पातळ नायट्राइलमधून ॲसिटोन काही मिनिटांतच आरपार जातं. ब्यूटाइल रबर मात्र त्याला तासन् तास अडवतं. उलट पेट्रोल, तेल, ग्रीस असेल तर नायट्राइल चांगलं, आणि लॅटेक्स तिथे फुगतं. पीव्हीए नावाचे ग्लोव्ज बऱ्याच ऑरगॅनिक सॉल्व्हंटना दाद देत नाहीत, पण साध्या पाण्यात खराब होतात! म्हणजे सगळ्यावर चालणारा ग्लोव्ज जगात नाही.

माझं नशीब की ते ॲसिटोन होतं. दोन दिवस क्रीम लावलं आणि विसरले. पण कॅरेन वेटरहान यांना ती संधी मिळाली नाही. त्या अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये केमिस्ट्रीच्या प्रोफेसर होत्या, विषारी धातू हाच त्यांचा अभ्यासाचा विषय. ऑगस्ट 1996 मध्ये फ्यूम हूडखाली काम करताना त्यांच्या लॅटेक्स ग्लोव्जवर डायमिथाइल मर्क्युरीचे एक-दोन थेंब पडले. त्यांनी तेव्हाचे सगळे नियम पाळले होते. काही महिने काहीच झालं नाही. मग तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं, आणि 8 जून 1997 ला त्या गेल्या. वय फक्त 48. नंतर टेस्ट केली तेव्हा कळलं, ते केमिकल अशा ग्लोव्जमधून 15 सेकंदांच्या आत पार होतं. पंधरा सेकंद! आपल्याला ग्लोव्ज नीट चढवायलाच तेवढा वेळ लागतो. इतक्या मोठ्या तज्ज्ञ बाईंना जे कळायला मार्ग नव्हता, ते आज आपल्याला माहीत करून घेता येतं. तरी आपण बघत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट वापरायची. ग्लोव्ज घातलेल्या हाताने आपण पेन धरतो, जर्नल लिहितो, दार उघडतो, मोबाइल उचलतो. घरी जाऊन तोच मोबाइल गालाला! मग हात वाचवून उपयोग काय? काढतानासुद्धा मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरून उलटा करत काढायचा, तो दुसऱ्या मुठीत ठेवायचा, मग उघडं बोट दुसऱ्याच्या आतून घालून तोही उलटा करायचा, आणि लगेच हात धुवायचे. एकदा वापरायचे ग्लोव्ज धुऊन परत घालणं म्हणजे काटकसर नाही, मूर्खपणा. आणि ईएनटीसीवाल्यांनो, हे निळे ग्लोव्ज घालून 230 व्होल्टला हात लावायची हिंमत करू नका. त्यासाठी वेगळे इन्शुलेटिंग ग्लोव्ज असतात, व्होल्टेजप्रमाणे त्यांचे क्लास असतात, आणि घालण्याआधी हवा भरून भोक नाही ना ते बघावं लागतं.

कोणी म्हणेल, “अर्ध्या तासाच्या प्रॅक्टिकलला एवढं काय!” कोणी म्हणेल, “बजेट नाही.” पण मी महागडे ग्लोव्ज मागतच नाहीये. प्रत्येक केमिकलच्या सेफ्टी डेटा शीटमध्ये आठवा सेक्शन असतो, त्यात कोणतं संरक्षण वापरायचं ते दिलेलं असतं. प्रॅक्टिकलला लागणाऱ्या केमिकल्सचा एक तक्ता करून बॉक्सच्या वर चिकटवायचा, एवढंच. त्याला लागतो एक कागद आणि थोडा सेलोटेप. आणि व्हायव्हात ‘एम काय?’ विचारता तसा ‘हेच ग्लोव्ज का घातलेस?’ हा एक प्रश्न विचारा ना! मार्क जाणार म्हटल्यावर आम्ही सगळं पाठ करतो, हे सरांना माहीतच आहे.

तक्ता लागेपर्यंत निदान एक करूया. बॉक्समध्ये हात घालण्याआधी लॅब असिस्टंट काकांना विचारूया, “काका, याला हे चालतात का?” त्यांनाही माहीत नसेल, तर दोघांनी मिळून शीट बघूया. विचारल्याने हसं होईल असं वाटतं खरं, पण न विचारता केलं तर हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!